सशाचे दात: पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे

सशाचे दात वाढले, डॉक्टरांनी ते कापले, ससा दुसऱ्या दिवसापासून खाऊ लागला. आणि महिना-दोन महिने जातात न जातात तोच पुन्हा हनुवटीवर लाळ, पुन्हा तोंडात धरून टाकून दिलेला पाला. ससे पाळणाऱ्या किती तरी घरांत हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही. ब्रिटनमधल्या दीड लाखाहून अधिक पाळीव सशांच्या दवाखान्यांतील नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षभरात दर शंभर सशांमागे साधारण पंधरांना दातांचा विकार होतो आणि त्यांतले बहुतेक विकार दाढांचे असतात. वय वाढते तसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणजे हे एखाद्या सशाच्या नशिबाचे भोग नव्हेत. पाळीव सशांचा हा एक मोठा आजारच आहे, आणि त्याकडे तसेच पाहिले पाहिजे.

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत राहणाऱ्यांना या आजाराची एक वेगळी बाजू दिसते. हुबळी पुणे-बंगळुरू महामार्गावर जवळजवळ मधोमध आहे. दोन्ही शहरे चारशे किलोमीटरच्या आसपास. सशाच्या दाढांवर नेहमी काम करणारे डॉक्टर आणि त्यासाठी लागणारी बारीक हत्यारे मुख्यतः या रस्त्याच्या दोन टोकांना मिळतात. इथल्या पशुवैद्यकांचा हात बसलेला आहे तो गायी-म्हशींवर आणि शहरात कुत्र्या-मांजरांवर. 2021 साली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेलेली धारवाडी म्हैस याच मुलखातली. मात्र सशाच्या दातांना जे सर्वांत जास्त लागते, ती वैरण इथे दाराशी आहे. झाशीच्या भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्रही धारवाडातच आहे. उपचार दूर आणि चारा जवळ, अशी ही स्थिती. म्हणून दात कापून घेण्यापेक्षा ते बिघडू न देण्यावर आणि बिघाड लवकर ओळखण्यावर आपला जोर असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी सशाचे तोंड समजून घ्यावे लागते.

अठ्ठावीस दात, सगळे वाढते

सशाला 28 दात असतात. समोर दिसणाऱ्या वरच्या दोन पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात दडलेले असतात. ससा हा उंदीर-खारींच्या गणातला नव्हे, याची ही एक खूण. पुढच्या दातांनंतर एक लांब मोकळी जागा, आणि मग गालांच्या आत खोलवर 22 दाढा-उपदाढा. माणसाचे दात एकदा आले की वाढ थांबते. सशाचा प्रत्येक दात जन्मभर वाढत राहतो. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वाढतात, दाढा त्याहून सावकाश. जेवढी वाढ तेवढीच झीज झाली, तरच तोंड ठीक राहते.

ही झीज होते चावण्याच्या पद्धतीमुळे. सशाचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. गवत खाताना तो जबडा आडवा फिरवतो, एका वेळी एकाच बाजूने, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. गवत खाताना दाढा जात्यासारख्या चालतात. धान्य किंवा तयार खाद्याच्या गोळ्या खाताना त्याच दाढा खलबत्त्यासारख्या वरखाली आदळतात. कुटण्यात दाढेचा मधला भाग भिडतो, कडा तशाच राहतात. मग वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने टोके फुटतात. ही टोके जिभेला आणि गालाला जखमा करतात. एखादा दाणा किंवा गोळी ससा पटकन गिळतो, गवताची मूठभर काडी मात्र त्याला बराच वेळ दळावी लागते. हा वेळच दाढांना वाचवतो.

पेट शॉपमध्ये दातांसाठी म्हणून लाकडाचे ठोकळे आणि चघळायच्या काड्या विकल्या जातात. त्या सशाला विरंगुळा म्हणून चांगल्या. पण त्या कुरतडल्या जातात पुढच्या दातांनी. आजार बहुतेक वेळा दाढांत असतो, आणि तिथे या ठोकळ्यांचा काही उपयोग होत नाही.

दात बिघडतात कशाने?

पहिले कारण जन्मजात. काही सशांचा वरचा जबडा आखूड असतो, त्यामुळे पुढचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. हा दोष आनुवंशिक आहे आणि बुटक्या, चपट्या तोंडाच्या जातींत जास्त दिसतो. पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच तो ओळखता येतो. म्हणून पिल्लू घेताना ओठ हलकेच वर करून पुढचे दात पाहावेत: वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे असायला हवेत. ज्याच्या दातांत हा दोष आहे, त्या सशापासून पैदास करू नये. लोंबत्या कानांच्या सशांचे दात अधिक बिघडतात का, यावर मात्र जाणकारांचे एकमत नाही. 2019 साली ब्रिटनमधल्या एका आश्रयगृहातल्या 30 सशांच्या तपासणीत लोंबत्या कानांच्या सशांमध्ये दातांचे दोष अधिक आढळले. 2024 च्या मोठ्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही. लहान अभ्यासात प्रत्येक सशाचे तोंड बारकाईने पाहिले होते, मोठ्या अभ्यासात दवाखान्यातल्या नोंदी होत्या. त्यामुळे कानांवरून जात टाकावी असे नाही. लोंबत्या कानांच्या सशाचे तोंड जरा अधिक वेळा पाहावे, एवढे शहाणपण पुरे.

दुसरे कारण खाणे. एडिनबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी 32 डच सशांना 17 महिने चार निरनिराळ्या प्रकारे खाऊ घालून त्यांचे दात मोजले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांना गवताशिवाय नुसते धान्य-बियांचे मिश्रण दिले होते, त्यांचे दात अधिक लांब आणि अधिक वाकडे झाले. अशा मिश्रणातून ससा आवडीचे दाणे वेचून खातो आणि उरलेले टाकतो, हेही खरे. आपल्या घरांतले सशाचे ताट आठवून पाहावे: भिजवलेले हरभरे, चपातीचा तुकडा, चुरमुरे, बिस्किट, गाजर. हे सगळे मऊ, पिठूळ किंवा गोड. यातले काहीही सशाला दळावे लागत नाही.

तिसरे कारण हाडांचे. ब्रिटिश पशुवैद्यक फ्रान्सिस हार्कोर्ट-ब्राउन यांनी 1996 साली मांडले, की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडल्याने सशाच्या जबड्याचे हाड विरळ होते, दातांची पकड सैल होते आणि दात वाकडे वाढू लागतात. काही जाणकार झिजेच्या कारणाला अधिक वजन देतात, काही हाडाच्या. पाळणाऱ्याने या वादात बाजू घेण्याचे कारण नाही, कारण दोन्हींचा उपाय एकच दिशा दाखवतो. गवतात झीजही आहे आणि कॅल्शियमही. त्याला उन्हाची जोड हवी. सशांच्या अंगावर सूर्यकिरणांतल्यासारखे अतिनील किरण पडले, तर रक्तातले ड जीवनसत्त्व वाढते, हे 2014 च्या एका प्रयोगात दिसले. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण अडतात. म्हणून फ्लॅटमधल्या सशाला गच्चीवर किंवा अंगणात सकाळचे कोवळे ऊन मिळावे. सावलीत सरकायला जागा हवी, घारी-मांजरांपासून राखण हवी, आणि एप्रिल-मेच्या दुपारी त्याला कधीही बाहेर ठेवू नये.

ससा दुखणे लपवतो

ससा शिकार होणारा प्राणी आहे. दुखते हे तो दिसू देत नाही. उपाशी राहण्याच्या कितीतरी आधी काही खुणा दिसतात, आणि त्या वाचता आल्या पाहिजेत.

आधी तो गवत सोडतो आणि मऊ खाणे चालू ठेवतो. पाण्याच्या बाटलीऐवजी वाटीतले पाणी पसंत करू लागतो. हनुवटी आणि पुढच्या पंज्यांची आतली बाजू ओलसर राहते, केसांच्या गुठळ्या होतात. एका डोळ्यातून सतत पाणी येते, कधी पांढरट घाण. त्याचे कारण असे की डोळ्यातून नाकात जाणारी नळी वरच्या दातांच्या मुळांना खेटून जाते. मुळे लांबली की ती दबते. पुष्कळदा महिनोन्महिने डोळ्यात थेंब घातले जातात आणि दातांकडे कुणी पाहतच नाही. लेंड्या लहान आणि कमी होतात. जीभ दुखत असल्याने ससा अंग चाटत नाही, मागचा भाग घाण राहतो, आणि पावसाळ्यात तिथे माशा अंडी घालून अळ्या पडण्याचा धोका असतो.

यासाठी घरी दोन गोष्टी कराव्यात. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी ससा टोपलीत बसवून इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहावे. दोन किलोच्या सशाचे शंभर ग्रॅम कमी होणे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. दुसरे, सशाला मांडीवर शांत बसवून खालच्या जबड्याच्या खालच्या कडेवरून बोटांची टोके मागून पुढे फिरवावीत. निरोगी सशाची ही कड गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारखी लागते. दाढांची मुळे खाली वाढू लागली की तिथे ओळीने बारीक उंचवटे हाताला लागतात. मुळे वाढत असल्याची ही सर्वांत साधी खूण, आणि ती तपासायला कुठलेही यंत्र लागत नाही.

बारा तासांत सशाने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळपर्यंत थांबू नये. सशाचे आतडे थांबले की काही तासांत जिवावर बेतते.

दवाखान्यात काय व्हायला हवे

सशाचे तोंड लांबट आणि अरुंद, जीभ जाड, गालांच्या आतल्या घड्या मधे येतात. जाग्या सशाच्या तोंडात कान तपासायचा दिवा घालून पाहिले, तर पुढच्या काही दाढा दिसतात. मागच्या बहुधा दिसत नाहीत. म्हणून ‘पाहिले, सगळे ठीक आहे’ एवढ्यावर पुन्हा पुन्हा दुखणाऱ्या सशाच्या बाबतीत समाधान मानू नये. पूर्ण तपासणी भूल देऊनच होते. आणि दाताचा अर्ध्याहून अधिक भाग हिरडीखाली असल्याने कवटीचा एक्स-रे, शक्यतो वेगवेगळ्या कोनांतून, काढल्याशिवाय खरे चित्र कळत नाही.

काम कसे होते ते पाहिले म्हणजे चांगले-वाईट ओळखता येते. ससा भुलीखाली आडवा, अंगाखाली ऊब. एक छोटी चौकट पुढच्या दातांत अडकवून जबडे उघडे ठेवतात, दुसऱ्या चिमट्याने गाल बाजूला करतात. जीभ एका पट्टीने दूर धरून डॉक्टर कमी वेगाच्या, लांब दांड्याच्या बारीक फिरत्या घासणीने खालच्या दाढेचे जिभेकडे वळलेले टोक घासतात. टोक निघाले की जिभेच्या कडेवर त्याने पाडलेला व्रण दिसतो. चांगला डॉक्टर टोके काढतो आणि अवास्तव लांबी कमी करतो. दाढा हिरडीला समतल करत नाही. दाढा फार खाली घेतल्या तर त्या पुन्हा एकमेकींना भिडेपर्यंत सशाला गवत दळताच येत नाही.

पुढचे दात नखे कापायच्या कटरने कटकन तोडण्याची पद्धत आजही दिसते. ती बंद व्हायला हवी. दात उभा चिरतो, आतली नस उघडी पडते, जंतू मुळाशी पोचतात आणि पुढे गळू होते. घरी तर हा प्रयोग कधीच करू नये.

भुलीची भीती खोटी नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के होते. आधीच आजारी असलेल्या सशांत ते यापेक्षा जास्त. हा धोका काही गोष्टींनी कमी होतो. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. उलट उपाशी ठेवल्याने आतडे मंदावते. कुत्र्या-मांजरांना लागू असलेली सूचना सवयीने सशालाही दिली जाते, तेव्हा हे आपण आठवणीने विचारावे. पाणी कमी झालेल्या सशाला आधी सलाइन, भुलीत शरीराची ऊब आणि नंतर वेदनाशामक औषध, हे तीन मुद्दे विचारायला संकोच करू नये. वेदनाशामक पुढेही काही दिवस लागते. तोंड दुखत असलेला ससा दात नीट झाले तरी खात नाही. संध्याकाळपर्यंत तो आपण होऊन खाऊ लागला नाही, तर भिजवून पातळ केलेले सशाचे खाद्य सुईविना सिरिंजने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, थोडे थोडे भरवावे. घाईने ओतले तर ते श्वासनलिकेत जाते.

पुन्हा का उलटते?

कारण घासणी दाताचा वरचा भाग कापते. दात ज्या मुळातून वाढतो ते वाकलेले मूळ तसेच राहते. वाकड्या मुळातून दात वाकडाच येतो. म्हणून एकदा मुळे बदलली की चार ते आठ आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, पुन्हा काम करावे लागते. हे डॉक्टरांचे अपयश नव्हे आणि सशाचा हट्टही नव्हे. मधुमेहासारखा हा जन्मभर सांभाळायचा आजार आहे, हे एकदा मान्य केले की निर्णय सोपे होतात.

या सांभाळात आशेलाही जागा आहे. हा आजार टप्प्याटप्प्याने पुढे जातो, आणि शेवटच्या टप्प्यात काही सशांच्या दातांची वाढच थांबते. मग भुलीच्या फेऱ्या कमी होतात आणि मऊ, बारीक चिरलेल्या खाण्यावर ससा चांगला जगतो. पुढचेच दात बिघडले असतील आणि दाढा चांगल्या असतील, तर सगळे पुढचे दात काढून टाकणे हा कायमचा उपाय आहे. ऐकायला तो क्रूर वाटतो. पण ओठांनी उचलून खायला ससा लवकर शिकतो, आणि दर महिन्याच्या कापाकापीतून सुटतो.

सर्वांत अवघड असते जबड्याचे गळू. सशाचा पू इतका घट्ट असतो, की तो सुईने ओढता येत नाही आणि चिरा देऊन वाहूनही जात नाही. गळवाची पिशवी, त्याखालचा दात आणि सडलेले हाड काढून जखम उघडी ठेवावी लागते, आणि पुढे दीर्घकाळ प्रतिजैविके. इथे एक गोष्ट प्रत्येक सशाच्या घरात माहीत असायलाच हवी. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे कधीही देऊ नयेत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावतो. मुलांसाठी आणलेले ॲमॉक्सिसिलिनचे सिरप कपाटात असते, औषधाच्या दुकानातही सहज मिळते; प्रेमापोटी दिलेले दोन थेंबही जिवावर येऊ शकतात. सशाला चालणारी प्रतिजैविके वेगळी आहेत आणि ती डॉक्टरांनीच ठरवावीत.

आणि काही वेळा शेवट जवळ येतो. दर काही आठवड्यांनी भूल, मधल्या दिवसांतही दुखणे, वजनाची घसरण चालूच, अशी अवस्था आली तर वेदनारहित मृत्यूचा प्रश्न डॉक्टरांसमोर मोकळेपणाने काढावा. त्यात ममता कमी असल्याचा दोष नाही.

वैरण आपल्या दाराशी

मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात चार-पंचमांशाहून अधिक वाटा गवताचा असावा. दुकानातले आयात गवताचे पाकीट महाग पडते म्हणून लोक ते मूठमूठ देतात. तसे करण्याची इथे गरज नाही.

पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या सुमारास, माळावरचे मारवेल फुलोऱ्यावर असताना कापून, उलथेपालथे करत वाळवून ठेवले तर उत्तम गवत मिळते. दुग्धशाळा आणि शेतकरी लावतात ते गिनी गवतही तसेच वाळवता येते. कुसळी गवत मात्र कुसळे धरण्याआधीच कापावे. नंतरची कुसळे हिरड्यांत आणि जिभेत रुततात. नवलगुंद, अण्णिगेरी, कुंदगोळच्या काळ्या मातीतली रब्बी ज्वारी निघाली की कडबा स्वस्त मिळतो. त्याची पूर्ण वाळलेली पाने सशाला दळायला चांगली. कोवळी हिरवी ज्वारी मात्र विषारी असते, ती कधीच घालू नये. कलघटगी-अळणावरकडचा भाताचा पेंढा पोषणाला हलका, पण अंथरायला आणि मधूनमधून चघळायला ठीक. लसूणघासात कॅल्शियम फार. वाढत्या पिलांना तो मानवतो, मोठ्या सशाला रोज घालू नये. हिरवी हरळी बाजारात ‘गरिके’ म्हणून मागितली की वर्षभर मिळते. धुऊन, निथळून द्यावी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, शेपू हे रोज थोडे थोडे, गाजर कधीतरी बोटाएवढे.

गवत लांब असावे. कुट्टी केलेल्या वैरणीत दळण्याचे काम आधीच झालेले असते. जून ते सप्टेंबर साठवणीची खरी परीक्षा. पोती जमिनीवरून उंच, हवेशीर ठेवावीत, आणि बुरशीचा वास आलेली वैरण बिनदिक्कत टाकून द्यावी. धान्यावर वाढलेल्या सशाला एकदम गवतावर आणू नये; तोंड तपासून घेऊन, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बदल करावा. तोंडात टोके असतील तर आधी ती काढावी लागतात, तोवर ससा गवताला तोंड लावणारच नाही.

जुळ्या शहरांसाठी

इथल्या डॉक्टरांना सशाचा अनुभव कमी असेल, तर तो वाढवण्यात पाळणाऱ्यांचाही वाटा असू शकतो. एकाच डॉक्टरांकडे सातत्याने जावे, वजनाची वही आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत, आणि अवघड वेळी ते एक्स-रे पुण्या-बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या जाणकारांना दाखवून सल्ला घेण्याची विनंती करावी. गदगचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हुबळीपासून तास-दीड तासावर आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना सशाच्या तोंडाचे शिक्षण मिळाले तर दहा वर्षांत या भागाचे चित्र बदलेल. सशाच्या तोंडाची चौकट, गालाचा चिमटा आणि लांब दांड्याची घासणी एवढी सामग्री जुळ्या शहरांत निदान एका दवाखान्यात असावी, ही मागणी अवास्तव नाही.

तोवर जे आपल्या हातात आहे ते मोठे आहे: ताटात गवत, अंगावर सकाळचे ऊन, आठवड्याचे वजन, जबड्यावरून फिरणारी बोटे, आणि खाणे थांबताच केलेली धावपळ. दात बिघडलेल्या सशाला यामुळे पूर्ण बरे करता येईलच असे नाही. पण दोन भुलींमधले अंतर वाढते, मधले दिवस बिनदुखीचे जातात. आणि ज्याचे दात अजून शाबूत आहेत, त्या सशाला पुढचे हे दुखणे बहुतेक वेळा टाळता येते.